सात पायल्यांचं शटर

शिंप्याची चूक टिपेत दडते. स्वयंपाकिणीची चूक रात्रीपर्यंत पचून जाते. सुताराच्या चुकीला मात्र, देवाची तशी मर्जीच असेल तर, कोंब फुटतात. वडनेर भोलजीच्या कडूबा सुताराची आयुष्यातली पहिली आणि एकच मोठी चूक जमिनीतून उगवून आली, पाऊस पिऊन वाढली आणि चार महिने रस्त्याच्या कडेला डोलत उभी राहिली.

झालं होतं एवढंच. अर्जुनरावांच्या पेरणीच्या तिफणीचं, फण बसवायचं एक भोक त्याने बोटभर बाजूला पाडलं. तीन फणांपैकी दोन फण नवराबायकोसारखे जवळजवळ बसले आणि तिसरा सासऱ्यासारखा लांब. पेरताना कोणाच्या ध्यानात आलं नाही. ज्वारी टीचभर वर आली तेव्हा सगळ्या गावाच्या ध्यानात आलं. दोन तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, गळ्यात गळा घालून चाललेली, तिसरं रुसून दूर, आणि हा संसार बांधापासून बांधापर्यंत. त्यात अर्जुनरावांचं ते शेत ऐन सडकेवर. नांदुऱ्याहून येणाऱ्या एस.टी.तली माणसं खिडकीकडे झुकून पाहायची. कंडक्टर म्हणायचा, "वडनेर आलं. ज्याले उतरायचं थो उतरा, ज्याले पाहायचं थो पाहा."

त्यानंतर कडूबाच्या ओट्यावर काम येणं थांबलं. अर्जुनराव भला माणूस, एका शब्दाने बोलला नाही. पण न बोलणारं पीक सगळं बोलत होतं.

आता कडूबाने भोक बाजूला का पाडलं, हे गावाला ठाऊक नव्हतं. रुख्मिणीबाईला ठाऊक होतं. नवऱ्याचे डोळे अधू होत चाललेत, हे तिला गावाच्या दोन वर्षं आधी कळलं होतं. एका संध्याकाळी कडूबाने अंगणातल्या खुंटीवर टांगलेल्या तिच्या इरकली लुगड्याला मोठ्या अदबीने "राम राम, या, बसा," म्हटलं होतं. ती हसत सुटली. मग आत जाऊन चुलीपुढे बसली आणि बराच वेळ लाकडं उगीच मागेपुढे करत राहिली. त्या दिवसापासून गजावरचे आकडे ती वाचायची. खूण ती करायची. कोणी आलं की भाकरीचं पीठ मळत बसल्यासारखं दाखवायची आणि ते गेलं की, "डावीकडं, दोन सूत," म्हणायची. तिफणीच्या दिवशी ती माहेरी गेली होती. म्हणजे पाहायला गेलं तर ती ज्वारी तिच्या भावाच्या नातवाच्या बारशाच्या जेवणामुळे वाकडी उगवली.

कडूबा बासष्टचा. अंगाने बाभळीच्या शेंगेसारखा. कानावर पेन्सिल, जिने ओढलेली रेघ त्याला दिसत नसे. पण त्या पेन्सिलीखालचा जो कान होता, तो काही औरच. लाकूड विकत घेताना तो पाहायचा नाही, उकिडवा बसून बोटाच्या पेराने ठोकायचा आणि मान कलती करायचा. "हे आतून किडलं हाये." विकणारा शपथा घ्यायचा, फाडल्यावर आत कीड निघायची. सडकेवरून बैलगाडी गेली की ओट्यावरून न उठता सांगायचा, "भगवानरावची गाडी. डावं चाक येत्या पोळ्यापर्यंत टिकत नाही." चाक पोळ्याच्या आठ दिवस आधी मोडायचं, आणि गाव म्हणायचं की कडूबाची जीभ काळी आहे. जीभ नव्हे, कान होता तो.

अशा माणसाकडे पाच महिने कोणी फिरकलं नाही. तेव्हा त्याचा मुलगा दयाराम खामगावहून आला. दयाराम तिथल्या तेलाच्या गिरणीत मशीनवर होता. खाकी पँट, मनगटाला घड्याळ, बोलणं नेमकं. आल्या आल्या त्याने कोपऱ्यातल्या अवजारांवरची धूळ पाहिली आणि काय समजायचं ते समजला.

"बाबा, पाच महिन्यांत कोणी आलं काय तुमच्याकडं?"

"नाई," कडूबा म्हणाला.

"एखादा जरी आला असता ना, तं म्या काही म्हटलं नसतं. आता आयका माह्यं. रविवारच्या सकाळच्या गाडीनं आपण तिघं खामगावले जाऊ. नळाचं पाणी हाये, बिजली हाये. आरामात बसून राहा."

रुख्मिणीबाई वाट पाहत होती की कडूबा आता तडकेल. 'मी काय मढं हाये काय बसून राहाले?' असं काहीतरी म्हणेल, आणि मग ती मध्ये पडेल. पण तो म्हणाला, "बरं." एवढंच. आणि वाकस, पटाशी, रंधा, एकेक अवजार फडक्यात गुंडाळायला बसला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्या फटक्यात 'बरं' म्हटल्याचं तिला आठवेना. खामगावला नळ होता हे खरं, आणि डोईवरची घागर सुटणार याचा तिला आनंदही होता. पण बसून राहिलेला कडूबा कसा दिसतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला ते पाहायचंही नव्हतं. तिला वाटलं, हा तिथे गेला की लवकरच भिंतीला टेकून ठेवलेल्या फळीसारखा होईल. कोणी ठोकून पाहणार नाही, आणि आतून किडेल.

शनिवारी दुपारी दारात काठी वाजली.

"चांगल्या गाठीची हाये," आतून कडूबा म्हणाला. "मोठ्या बाईची काठी. ही इथं कायले आली?"

खरंच किसनराव देशमुखांची आई, मनकर्णाबाई, दारात उभी होती. वय ऐंशी, कंबर वाकलेली, आवाज मात्र अजून सरळ. ही बाई सुताराच्या घरी पायी यावी, हेच आक्रीत होतं.

"रुख्माई, कुठं हाये तुहा बुढा? माह्यी खिडकी मेली."

त्या खिडकीची गोष्ट अशी. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. किसनरावांनी स्लॅबचं घर बांधलं, तालुक्याच्या बाहेरसुद्धा ज्याचं नाव निघावं असं. पुढची मोठी खोली कापसाची. वेचणी झाली की विकेपर्यंत कापूस तिथे ढिगाने पडायचा, छताला टेकायचा, आणि पाव्हण्यांना त्याच ढिगाच्या पायथ्याशी चहा मिळायचा. त्या खोलीला चार फुटी खिडकी होती. किसनराव एकदा कापूस घेऊन अकोल्याला गेले, तिथे दुकानांची वर गुंडाळणारी लोखंडी शटरं पाहिली आणि हरखले. दुकानाला बसतं ते खिडकीला का बसू नये? चोर नको, वारा नको, धूळ नको. एक माणूस अकोल्याहून आला, शटर बसवून चहा पिऊन गेला. पहिले पंधरा दिवस गावात लग्न असल्यासारखी वर्दळ होती. माणसं चपला काढून यायची आणि घर्रर्र करून वर, घर्रर्र करून खाली करून जायची. वच्छलाबाई गुरवीण तर हळदीकुंकू घेऊन आली होती.

पण त्या खिडकीची खरी मालकीण मनकर्णाबाई. कापूस विकला गेला की तिचा पाट खिडकीशी लागायचा. तिथून सडक दिसायची, गोठा दिसायचा, गड्यांची विडी दिसायची. ऐंशी एकरांचा कारभार त्या चार फुटांतून चालायचा.

"चार दिवस झाले," ती म्हणाली. "अंधारात बसून हाओ. गडी काय करून राह्यले, दिसत नाही. पण हसण्याचे आवाज येऊन राह्यले. म्हंजे कामं बंद हाये."

"अकोल्याचा माणूस?" कडूबाने विचारलं.

"दोन चिठ्ठ्या धाडल्या. थो येत नाही. किसना म्हणते, कडूबाले नको सांगू, तिफणीचं पाह्यलं ना. म्या म्हटलं, तिफण पेरली की उगवते. खिडकी काही उगवत नाही. चाल."

दयाराम पुढे झाला. "आजी, बाबाले आता दिसत..." आणि थांबला, कारण आईने त्याच्या पायावर पाय ठेवला होता.

कडूबा उठला. फडक्याची गाठ सोडली. रुख्मिणीबाईने गाठ सुटण्याचा तो आवाज ऐकला, आणि तिला एकदम दोन भीती वाटल्या. एक, की हा जाईल. दुसरी, की हा जाऊन चुकेल. आणि आता चुकला तर खामगावला फक्त सामान जाईल असं नाही, मागे उरलेली अब्रूही जाईल.

"मीही येतो," दयाराम म्हणाला. ते मदतीला होतं की पुरावा गोळा करायला, हे तिला कळलं नाही.

किसनराव दारात उभे होते, चेहरा पडलेला. मोठ्या माणसाची वस्तू बिघडली की त्याला आजारी माणूस घरात असल्यासारखं वाटतं.

"मिस्त्री, म्या काही कमी केलं नाही. जड चालून राह्यलं होतं, तं दर आठ दिवसाले सोताच्या हातानं वंगन देलं. तरी अडकलं. मंग गड्याईनं पहार घालून उचललं. तं वरतून बंदुकीसारखा आवाज आला अन् धाडकन् खाली."

"वंगन कोणतं देलं, मालक?"

"गाडीचं! कसं इचारता? एक नंबर. एरंडेल, अन् त्याच्यात जळल्या चिंधीची काजळी. माह्या बैलगाड्या पाहा, पाण्यासारख्या चालतात."

कडूबा पुढे झाला. शटराला कान लावून उभा राहिला आणि एकेका पट्टीवर पेराने टकटक करत वर गेला. किसनराव दयारामकडे पाहू लागले, दयाराम छताकडे. वैद्य नाडी पाहतो तेव्हा जशी घरातली माणसं खोकला दाबून धरतात, तशी सगळी गप्प झाली. मग कडूबाने दोन्ही बाजूंच्या खाचांत, जिथून पट्ट्या वरखाली सरकतात तिथे, बोट घातलं, आणि काहीतरी ओढून काढलं. काळंभोर, चिवट, वीतभर लांब. मेलेल्या उंदरासारखं.

"अगं बाई!" मनकर्णाबाई म्हणाली.

"घाबरू नका. कापूस हाये तुमचाच. मालक, खोलीत कापूस. कापसाची भुरी उडते, अन् खाचेत तुमचं एक नंबर वंगन. थे चिकटलं, वरतून तुम्ही आणखीन देलं, ते आणखीन चिकटलं. चार महिन्यांत घोड्याच्या पाठीवरचा नमदा तयार झाला."

"पण वंगन नाही देलं तं चालंन कसं?"

"गाडीचं चाक घुमते, त्याले वंगन पाह्यजे. हे घुमत नाही, सरकते. तुमच्या कपाटाच्या खणाले वंगन देता काय कधी? सरकणाऱ्याले कोरडं पाह्यजे, अन् फार तं मेणबत्ती घासा."

किसनरावांनी कपाटाकडे पाहिलं. खणांना वंगण द्यायचं त्यांच्या मनात आलेलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

बाभळीच्या फोकाला चिंधी गुंडाळून, घासलेटात बुडवून कडूबाने खाचा धुवायला घेतल्या. कापसाचा नमदा निघतच राहिला. शेवटी मनकर्णाबाईने तो एका सुपात गोळा करायला सांगितला. "राहू दे. होळीले कामाले ईन." मग मेणबत्ती घासली. आता पट्ट्या बिनतक्रार सरकत होत्या, पण शटर उचलायला तिघं लागत होते, आणि सोडलं की ते पुन्हा खाली. कारण वरच्या पेटीतली गुंडाळलेली स्प्रिंग, जी हा सगळा भार तोलून धरते, ती सुटली होती. पहारीच्या हिसक्याने तिला अडवून धरणारी खीळ मोडली आणि एका दमात सगळे पीळ उलगडले. बंदुकीसारखा आवाज तो हाच.

"झालं," दयाराम म्हणाला. "बाबा, हे आपल्या हातचं नाही. पीळ किती द्यायचा, हे कंपनीवाल्याले माहीत. कमी देला तं उचलणार नाही, जास्त देला तं हातातून उडून वर जाईन, एखाद्याचं बोट घेऊन. आमच्या गिरणीत अशाच स्प्रिंगीनं एकाचे दात पाडले."

तो खोटं बोलत नव्हता. रुख्मिणीबाईला त्याचा रागही आला नाही. तिने कडूबाकडे पाहिलं. तो मान कलती करून उभा होता, जसा लाकूड ऐकताना उभा राहायचा. पण इथे तर कोणी काही ठोकत नव्हतं.

"मोठ्या बाई," तो म्हणाला, "मोटेचं चाक हाये काय अजून?"

"इंजन आलं तवापासून गोठ्यात पडून हाये."

"अन् नाडा? अन् एक रिकामं पोतं. अन् पायलीचं माप. अन् ज्वारी."

"ज्वारी कायले?" किसनराव म्हणाले. "शटर खाते काय?"

"आज खाईन."

छताला पाळण्यासाठी ठेवलेली कडी होती. तिला मोटेचं चाक बांधलं. नाड्याचं, म्हणजे मोटेच्या जाड दोराचं, एक टोक शटराच्या खालच्या दांड्याला, मधून चाकावर, आणि दुसऱ्या टोकाला रिकामं पोतं. शटर अर्ध्यावर उचलून गड्यांसारखे किसनराव आणि दयाराम दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिले. किसनरावांना आपल्या घरात गडी व्हायची ही पहिलीच वेळ, आणि आई समोर असल्यामुळे त्यांना ते सांगताही येईना.

"टाका, मोठ्या बाई. भरून, हाताने सपाट करून."

मनकर्णाबाईने पाटावर बसल्या बसल्या एक पायली ज्वारी पोत्यात टाकली. "लाभ," ती म्हणाली. खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शटर झालं म्हणून काय रीत मोडायची? मग दोन, तीन, चार. कडूबाचा तळहात दांड्याखाली होता. सहाव्या पायलीला शटर जडावल्या गाईसारखं कुरकुरलं. सातवी पडली आणि तो म्हणाला, "सोडा."

"सोडू?" किसनराव म्हणाले.

"सोडा ना."

दोघांनी हात काढले. शटर वर गेलं नाही की खाली आलं नाही. अधांतरी उभं राहिलं, घारीसारखं.

"आता समजलं ह्याचं वजन," कडूबा म्हणाला. "सात पायल्या. कंपनीवाल्याले इचाराले कायले जावं? आता मी एकेक पीळ देतो. पीळ बसला की शटर वर जाऊ पाहीन. मोठ्या बाई तितकी ज्वारी काढतीन, की ते पुन्हा उभं राहीन. पोतं रिकामं झालं की समजा, ज्वारीचं काम आता स्प्रिंग करून राह्यली. म्हंजे पीळ पुरा. ना कमी, ना जास्त."

दयारामने आपल्या घड्याळाकडे पाहिलं, का कोण जाणे. मग त्याने बाह्या वर केल्या.

स्प्रिंगीच्या आसाला टोकाशी भोकं होती. त्यांत लोखंडी गज घालून आस फिरवायचा, दुसरा गज घालून धरायचा, आणि मग भोकातून खीळ ठोकायची. मोडक्या खिळीच्या जागी कडूबाने गाडीच्या चाकाची जुनी खीळ घासून बसती केली. निसणीवर, म्हणजे शिडीवर, एका बाजूला तो, एका बाजूला दयाराम. खाली निसणी धरून रुख्मिणीबाई. नवरा हात वर नेई तेव्हा ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, "उजवीकडं. बोटभर. हाव." दयाराम प्रथम चपापला. तिसऱ्या वेळी त्याला समजलं की माय हे आज पहिल्यांदा करत नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर निसणीवरून हलवली नाही.

एक फेरा. शटर वर सरकलं, मनकर्णाबाईने पायलीहून थोडी जास्त ज्वारी काढली, शटर थांबलं. दुसरा फेरा. तिसरा. पोतं हलकं होत चाललं आणि गज जड. चौथ्या फेऱ्याला दयारामच्या कपाळावर घाम आला. पाचव्याला त्याचे दंड थरथरू लागले. पोत्यात ओंजळभर ज्वारी उरली.

"ठोका बाबा, लवकर."

कडूबाने खीळ लावली, हातोडी मारली.

"बसली," दयाराम म्हणाला. "सोडू गज?"

"थांब."

"बसली ना. मले दिसून राह्यली. पार आत गेली."

"तुले दिसली. मले आयकू नाही आली. सोडू नको."

"बाबा, हात तुटून राह्यला माहा!"

"तुटू दे. सोडू नको म्हणतो ना बे!"

ह्या 'बे' मध्ये पाच महिन्यांत पहिल्यांदा जुना कडूबा होता. दयाराम लहानपणी जसा ओट्यावर गप्प व्हायचा तसा गप्प झाला आणि गज धरून राहिला. कडूबाने खिळीवर हातोडीने अगदी हलकी टिचकी दिली. ठक. पोकळ, बोदा आवाज. रुख्मिणीबाईलाही तो कळला. इतक्या वर्षांत तिचा एक कान त्याच्याकडूनच शिकलेला होता.

"भरीव लोखंड ठक म्हणत नाही," कडूबा म्हणाला. "पहारीनं भोकाची कोर वाकली हाये. खीळ तिच्यावर टेकली. आत नाही गेली, नुसती बसल्यावाणी दिसते."

त्याने खीळ उपसली. खिशातून कानस काढून भोकाची कोर बोटाने चाचपत घासली. चार हात, पाच हात. दयारामचं तोंड लाल झालं होतं. किसनराव नकळत भिंतीशी सरकले होते. मग पुन्हा खीळ, पुन्हा हातोडी.

टण्.

देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज खोलीभर झाला.

"आता सोड."

दयारामने गज सोडला. काही झालं नाही. गज नुसता आसाला लटकत राहिला, त्याचं टोक दयारामच्या हनुवटीच्या बरोबर समोर, चार बोटांवर. तो त्या टोकाकडे बघत राहिला. गिरणीत कोणाचे तरी दात पडले होते, ते त्याला आठवलं असावं, कारण त्याने जिभेने आपले दात आतून मोजल्यासारखं केलं आणि हळू, एकेक पाय टाकत निसणी उतरला.

खाली मनकर्णाबाईने उरलेली ओंजळ काढली. पोतं रिकामं. कडूबाने नाडा सोडला. शटर जागचं हललं नाही.

"मोठ्या बाई, तुमच्या हातानं."

म्हातारी उठली. करंगळी दांड्याखाली घातली. शटर वर गेलं, तक्रार न करता, अडखळल्याशिवाय. तिने ते खाली घेतलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. ऐंशी वर्षांची बाई तोंडावर पदर धरून हसत होती. सातव्या वेळी वर केलं तेव्हा बाहेर तीन गडी बाभळीखाली विडी पेटवताना सापडले आणि कारभार जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. "काऊन बे, नवरदेव हाओ काय? उठा!"

किसनराव पायलीभर ज्वारी उचलून कणगीकडे निघाले, तोच आईची काठी आडवी आली.

"किसना. कुठं?"

"ज्वारी. मोजली ना आता, परत टाकतो."

"दोरीले लटकलेलं धान्य कणगीत परत जात नाही."

"अशी कुठं रीत हाये?"

"आजपासून हाये. सात पायल्यांनी तुह्यं शटर तोललं, थ्या सात पायल्या मिस्त्रीच्या. हलकं शटर असतं तं कमी गेल्या असत्या. तूच भारी शटर आणलं ना अकोल्याहून?"

ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं दयारामने. बापलेक पुढे निघाले. रुख्मिणीबाई मागे चालत होती आणि दोघांच्या पाठींकडे पाहून काही कळतं का ते पाहत होती. पाठींवरून काही कळलं नाही. घरी येऊन कडूबा हाताचा घासलेटचा वास घालवायला राखेने हात घासत बसला, तेव्हा दयाराम चुलीजवळ आला.

"माय, उद्याच्या गाडीनं मी जातो."

"अन् आम्ही?"

"तुम्ही काय येता! तिथं अशी शटरं कुठं हाये माह्या खोलीले." मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोळ्याच्या डॉक्टरले दाखवू. पण मी येऊन नेईन, अन् परत आणून सोडीन. इथंच."

राख घासत असलेल्या कडूबाने हे ऐकलं. तो ऐकणार नाही असं त्या घरात काही बोलताच येत नसे.

"डॉक्टरले म्हणा, डोळे दे, पण कानाले हात नको लावू," तो म्हणाला. "अन् दया, तू गज चांगला धरला."

दयारामला शाळेत, गिरणीत, कुठेच कोणी असं म्हटलं नव्हतं. तो उगाच लाकडं मागेपुढे करत बसला. रुख्मिणीबाईने त्याला करू दिली.

ह्या गोष्टीला पुढे शेपूट फुटलं. नांदुऱ्याच्या बाजारपेठेत शटरं यायला लागली होती आणि येतील तशी अडकायलाही लागली होती, कारण वऱ्हाडात घरोघरी वंगणाचा नळा आणि वंगणावर श्रद्धा. एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि 'ज्वारीवाला मिस्त्री' हे नाव पसरलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याला बरंच दिसू लागलं, जाड भिंगाचा चष्मा आला. शटराच्या कामाला मात्र कडूबा चष्मा काढून ठेवायचा. म्हणायचा, दिसायला लागलं की नीट आयकू येत नाही. दुकानदारांना तो आधी निरोप धाडायचा: पोतं, नाडा, पायली आणि ज्वारी तयार ठेवा. एका खताच्या दुकानदाराने ज्वारीऐवजी युरिया लटकवायची तयारी केली. कडूबाने ते नाकारलं. युरिया दमट होतो, वजन खोटं सांगतो. शिवाय त्याची भाकरी होत नाही. तो दुकानदार शेजारच्या घरून ज्वारी आणायला धावला.

कारण मनकर्णाबाईने घातलेली रीत पुरी पक्की झाली होती. दोरीला लटकलेलं धान्य मिस्त्रीचं. आठ-दहा वर्षं कडूबाने त्या रीतीवर संसार केला, आणि एकाही शटराला त्याने गरजेपेक्षा ओंजळभर जास्त ज्वारी लावली नाही. तळहाताने "बस" म्हटलं की बस. रुख्मिणीबाई निसणी धरून उभी असायची. पुढे पुढे तिला दुकानात शिरताच शटराकडे नुसतं पाहून पायल्यांचा अंदाज येऊ लागला होता, आणि बाजाराच्या दिवशी नांदुऱ्याच्या रस्त्याने जाताना ती नव्या इमारतींकडे बघत राहायची.

"आयकलं काय?" ती म्हणायची. "त्या सोनाराच्या दुकानाचं शटर पाहा. बारा पायल्यांचं तं नक्कीच हाये."

"चांगलं चालून राह्यलं हाये ते."

"हाव, आज चालून राह्यलं. पण वंगन देत असतीन ना ते?"

कडूबा थांबायचा, मान कलती करायचा, आणि सडकेच्या गोंगाटातून त्या शटराचा आवाज वेचून काढायचा.

"देऊन राह्यले," तो म्हणायचा. "दिवाळीपर्यंत थांब."